एक कोळीण पाहिजे

मला समुपदेशकाची नोकरी लागली ती माझ्या शिक्षणाच्या जोरावर, असा माझ्या सासरी अजून गोड गैरसमज आहे. तसं काही नाही. संस्थेला एक कोळीण पाहिजे होती आणि मी कोळीण निघाले. बस. मानसशास्त्रात एम.ए., वर समुपदेशनाचा डिप्लोमा, एका दवाखान्यात फुकट राबल्याचं प्रमाणपत्र, सगळं फाईलीत घालून मुलाखतीला गेले होते. फाईल शेवटपर्यंत मांडीवरच राहिली. समोर संस्थेच्या संचालिका मॅडम. त्या मुंबईच्या टाउनमधून आठवड्यातून एकदा गाडीने मीरा रोडला यायच्या आणि आल्या आल्या एसीचा रिमोट मागायच्या. त्यांनी मान कलती करून मला विचारलं, "तुम्ही अगदी मूळच्या कोळी ना? समुद्राच्या?"

"खाडीच्या," मी म्हटलं. "जुन्या भाईंदरच्या."

त्यांनी जरा विचार केला. "चालेल," त्या म्हणाल्या.

खाडी चालून गेली हे माझं नशीब. मग त्यांनी विचारलं, समुपदेशन केंद्राच्या उद्घाटनाला लुगडं नेसून याल का? मी म्हटलं, मी माझ्या हळदीलासुद्धा लुगडं नेसले नव्हते. "मग हीच तर संधी आहे!" मॅडम म्हणाल्या. मी हसले. नोकरी पाहिजे होती, काय करता.

कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगते. उलट फार चांगली होती, म्हणून तर तिचं काय करून ठेवलं ते बघून चीड येते. आमच्या शहरात मनाचं दुखणं घेऊन जायचं कुठे, तर स्टेशनजवळच्या पॉश दवाखान्यात. तिथला माणूस मुसलमान वस्तीतल्या, नया नगरच्या बाईला सांगणार, रोज सकाळी तासभर एकटीने बागेत फिरा. तिच्या घरात सासू, तीन जावा, त्यांची पोरं. तिला एकटीला बाथरूमसुद्धा मिळत नाही. आमच्या कोळणीला तो विचारणार, तुम्ही पहाटे उठता का? अगो, ती पहाटे उठून धक्क्यावर जाऊन, माल घेऊन, अर्धा विकूनसुद्धा आलेली असते. तेव्हा ज्यांना या गल्ल्या माहीत आहेत, ज्यांना ही बोली कळते, अशी माणसं तयार करायची आणि खुर्चीत बसवायची, यात वाईट काय? काहीच नाही. पण मॅडमना माणसं नको होती, नमुने पाहिजे होते.

आम्ही चौघं होतो. मी कोळी. नया नगरची एक मुस्लिम मुलगी, माझ्यापेक्षा वयाने लहान आणि डोक्याने थोर. भाईंदर पश्चिमेची एक गुजराती बाई. आणि पेणकरपाड्यातला एक उत्तर भारतीय. पत्रकावर आमचा फोटो छापला. फोटोच्या वेळी मॅडम नया नगरवालीला म्हणाल्या, "ओढणी जरा डोक्यावरून घे ना."

"मॅडम, मैं सर पे नहीं लेती."

"अगं फोटोपुरती."

तिने घेतली. फोटो झाल्यावर ओढणीची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाली, "दीदी, तुमचं लुगडं कुठेय? एकटी मीच नाटकात?" तिची मराठी फर्मास. शाळेत तिला मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क असायचे, हे ती मला दर दोन दिवसांनी ऐकवते.

मग प्रशिक्षण झालं. विषय होता सांस्कृतिक जाण. परदेशात शिकून आलेले एक सर आले, लॅपटॉप जोडला, भिंतीवर एकेक समाज दाखवत गेले. कोळी समाज: उत्साही, सणप्रिय, समुद्राशी भावनिक नातं. मी आणि समुद्राचं भावनिक नातं! मला बोटीत बसलं की उलटी होते. मुस्लिम समाज: स्त्रिया थेट नजरेला नजर देत नाहीत, याचा मान राखावा. नया नगरवाली पहिल्या रांगेत बसून सरांच्या डोळ्यांत इतकं रोखून बघत होती की शेवटी सरांनीच नजर खाली वळवली. त्या दिवशी आम्हा दोघींची मैत्री झाली.

पण खरा घोळ पुढे. मॅडमनी नियम केला: ज्याचा समाज त्याचा समुपदेशक. बाहेर टेबलावर एक बाई बसायची. कोणी आलं की ती आधी आडनाव विचारायची, मग गाव, मग घरात कोणती भाषा बोलता. आमचं केंद्र मनाचं कमी आणि वधूवर सूचक मंडळ जास्त वाटायचं. पत्रिका जुळली की त्या त्या खोलीत पाठवणी.

माझ्याकडे पहिली कोळीण आली ती माझ्या वडिलांची चुलतबहीण. दारातूनच ओरडली, "अगो, तू हाय व्हय!" तिला झोप लागत नव्हती, पोटात आग पडायची, सुनेचा आवाज आला की छातीत धडधडायचं. हे मला कसं कळलं? तिच्या सुनेने मला आधीच फोन करून सांगितलं होतं. आत्याने मात्र यातलं अवाक्षर काढलं नाही. चहा घेतला, मला पोर कधी होणार ते विचारलं, खुर्चीची गादी दाबून बघितली आणि उठली. संध्याकाळी आमच्या पूर्ण पाड्यात बातमी: आत्या भाचीचं ऑफिस बघून आली, पंखा चांगला हाय.

नया नगरवालीचं दुखणं तेच. तिच्याकडे आलेली बाई दारातच थबकली, कारण तिची नणंद हिच्याच मजल्यावर राहते. "सॉरी, गलत पते पे आ गई," म्हणून जी पळाली ती पळालीच. बघा, आपल्या गल्लीतलीच बाई खुर्चीत बसवली की आपली गल्लीही तिच्यामागे येऊन बसते. ही गोष्ट पाड्यातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळते. मॅडमना आणि परदेशातून आलेल्या सरांना कळली नाही.

आणि गंमत म्हणजे माझ्याच सोसायटीतल्या एक काकू, दादरहून मीरा रोडला आलेल्या, घरात गणपतीला अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या, एक दिवस मला लिफ्टमध्ये कानाशी लागून म्हणाल्या, "तुझ्याकडे नको गं. ती तुमच्याकडची मुसलमान मुलगी आहे ना, तिच्याशी बोलता येईल का? तिला आपल्या बिल्डिंगमधलं कोणी ओळखत नाही."

मग काय, आम्ही दोघींनी चोरून अदलाबदल सुरू केली. तिच्या बाया माझ्याकडे, माझ्या तिच्याकडे. माझी हिंदी बाजारातली, पण चालली. मला त्यांच्या घरातलं काय कळत नाही ते मी सरळ विचारायची. विचारलं की त्या खुलायच्या. कोणी तरी आपल्याला सांगायला लावतंय, याचंच त्यांना बरं वाटायचं. मधल्या सुट्टीत नया नगरवाली मला समजावायची, दीदी, त्या घरात असं बोलतात, तसं बसतात, हे विचारू नको, ते जरूर विचार. मी तिला आमच्याकडचं सांगायची. सरांच्या दोन दिवसांत जे शिकलो नाही ते आम्ही डबा खाता खाता शिकलो. ती बोंबील खायला शिकली, मी तिच्या आईचा कोरमा. मॅडमना याचा पत्ता नव्हता.

आणि या सगळ्यात माझी आई.

माझे बाबा गेल्याला तेव्हा सहा-सात महिने झाले होते. बाबा म्हणजे माझा जीव. बोट चालवायचे, आणि मला मास्तरीण म्हणायचे. पाड्यातल्या मुली आठवीला शाळा सोडत होत्या तेव्हा ते मला खांद्यावर टाकून चिखलातून शाळेत सोडायला आले आहेत. घ्यायचे, नाही असं नाही. आमच्याकडे कोण घेत नाही? पण माझ्यासमोर कधी आवाज चढवला नाही. रात्री ते यायचे तेव्हा मी झोपलेली असायची. गावात सगळे त्यांना देवमाणूस म्हणतात, आणि मीही तेच म्हणत होते. आईच्या भुवईवर एक जुना व्रण आहे. मासळी कापताना कोयता उडाला, असं ती सांगायची.

आई नया नगरच्या एका गल्लीच्या तोंडाशी म्हावरं विकायची. मला कळतं तेव्हापासून. बाबा गेल्यावर सुतक फिटलं, तेरावं झालं, मला वाटलं आता ती पाटी उचलेल. नाही उचलली. मग एक दिवस कळलं की तिने गल्लीच्या तोंडाची ती जागा धाकट्या जावेला देऊन टाकली. तिचा कोयता, ज्याला ती मला हात लावू द्यायची नाही, तो शेजारणीला दिला. रविवारी मी गेले तेव्हा कानातल्या बुगड्या काढून माझ्या हातात ठेवल्या. म्हणाली, "तुना ठेव. मना आता कनचा सण हाय?"

मी घरी आले आणि रात्रभर जागी राहिले. कारण माणूस आपल्या जिवाच्या वस्तू वाटायला लागला की काय समजायचं, हे मी स्वतः उभी राहून अंगणवाडीच्या बायांना शिकवलं होतं. आई जेवत नव्हती. दुपारी दार लोटून बसायची. मला भीती एकच होती, आणि ती मी स्पष्टच लिहिते: आई जिवाचं काहीतरी करून घेईल.

मी रोज जायला लागले. समोर बसायची, शिकल्याप्रमाणे आवाज खाली आणायची आणि म्हणायची, "आई, बाबांची आठवण येते ना?"

"हाव," ती म्हणायची आणि उठून चुलीकडे जायची.

"रडावंसं वाटतं का?"

"कशाला?"

"मनात काय येतं ते बोल ना माझ्याशी."

"काय न्हाय येत. तू म्हावरा खाऊन जा."

एकदा मी हट्टाने डॉक्टरकडे चल म्हटलं, तेव्हा मात्र तिने माझ्याकडे असं बघितलं की माझं पाणी पाणी झालं. "मना येडी ठरवतंस? तुला शिकवली ती ह्याच्यासाठी?" मी रिक्षात बसून रडले. शहरभरच्या बायांना बोलतं करणारी मी, आणि घरी माझी डाळ शिजत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

इथे आईच्या धंद्याची एक रीत सांगायला पाहिजे. ती नात्यात म्हावरं विकायची नाही. नातलग पाटीसमोर आला की हाताला येईल ते पिशवीत घालायची, वर गोड हसायची, पैसे घ्यायची नाही. लहानपणी मला वाटायचं, काय दिलदार आई आहे माझी. मग लक्षात आलं, गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगते, "ये कल का है, ये मत ले. ये वाला ले." नातलगाला कधी नाही. त्याच्या पिशवीत कालचं निघो की परवाचं, त्याने बोलायचं नाही. धर्माच्या गाईचे दात कोण मोजतं? मी विचारलं तेव्हा तिने मला एकदाच समजावलं होतं. नात्यात विकला का खरा बोलता येत न्हाय. गिऱ्हाइकाला खरा सांगतो, म्हणून तर तो परत येतो.

हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, याला काय म्हणायचं?

शेवटी आई केंद्रात आली ती आत्यामुळे. तिथला पंखा चांगला हाय, चहा पण देतात, चल पोरीचं ऑफिस बघून ये, असं म्हणून आत्या तिला घेऊन आली आणि टेबलासमोर सोडून स्वतः बाजारात गेली. मी खोलीतून बाहेर आले तर आई खुर्चीच्या कडेवर बसलेली, हात मांडीत. किती बारीक झाली होती! टेबलावरची बाई आडनाव, गाव, भाषा विचारून मोकळी झाली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची आहे."

"माझीच आहे," मी म्हटलं. "माझी आई आहे. मला नाही घेता येणार."

तिने घाबरून मॅडमना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी सांगितलं, सख्ख्या नात्यातल्या माणसाला आपण बघत नाही, हा या कामाचा पहिला धडा आहे, तिला नया नगरवालीकडे देते.

"पण त्या कोळी आहेत ना?" मॅडम म्हणाल्या. "मग तुला घेतलंय कशासाठी?"

"मॅडम, ती माझी आई आहे."

"हो, ते कळलं गं. मग आपण दुसरी कोळी समुपदेशक नेमेपर्यंत त्यांना थांबायला सांग. मी पुढच्या बैठकीत विषय घेते."

माझी आई मरायला टेकली होती आणि ह्यांची बैठक! मी फोन ठेवला. जोरात ठेवला. टेबलावरची बाई दचकली.

तोपर्यंत नया नगरवाली चहाचा कप घेऊन आईसमोर उभी होती. आईने तिला खालीवर बघितलं. "कहां रहती तू?" आईची हिंदी म्हणजे पाटीवरची हिंदी, पण खणखणीत.

"नया नगर, मौसी."

"कौनसा बिल्डिंग?"

तिने बिल्डिंगचं नाव सांगितलं. आईला इमारती नावाने ओळखता येत नाहीत, म्हावऱ्याने येतात. "वो कोने का? पापलेटवाला? या पीछे का सुरमईवाला?"

"सुरमईवाला," ती म्हणाली. "मेरी अम्मी आप से ही लेती थी, मौसी. छह महीने से पूछ रही है, वो मावशी क्यों नहीं आती? नई वाली सब बासी देती है."

 आईने पुन्हा एकदा तिला नीट बघितलं. बाबा गेल्यापासून कोणीतरी पहिल्यांदाच तिला बाबांबद्दल विचारलं नव्हतं. मग उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "चल. किदर बैठना है?"

खोलीचं दार लागलं. मी बाहेर बसले. माझी एक बाई आली होती, तिला मी उद्या या म्हणून सांगितलं. देवाशपथ, त्या दिवशी मी कोणाच्याही कामाची नव्हते. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग आईचा आवाज आला, हिंदीत, भांडल्यासारखा. मग एक आवाज आला जो मी आयुष्यात ऐकला नव्हता. आई रडत होती. बाबांच्या मयतीला रडली नव्हती ती.

बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं. माझ्याकडे बघितलं नाही. नया नगरवालीला म्हणाली, "अगले हफ्ते कब?" आणि गेली.

मी नया नगरवालीवर झडप घातली. "काय म्हणाली?"

"दीदी."

"सांग ना, माझी आई आहे ती!"

"म्हणून तर नाही सांगणार," ती म्हणाली. "एवढंच सांगते. मी मौसीला सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात येतं का? तिने खरं उत्तर दिलं. घरातल्या गोळ्या-बिळ्या, औषधं कुठे असतात ते मी तिला विचारलं, ती सगळी ती आत्याकडे ठेवायला तयार झालीय. आणि डॉक्टरकडे पण येते म्हणाली, माझ्याबरोबर. आता तुम्ही चहा प्या."

तिच्यावर राग आला. असा राग आला की सांगता सोय नाही. आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही एकदम.

आई दर आठवड्याला यायला लागली. डॉक्टर झाले, औषध सुरू झालं, झोप लागायला लागली. माझ्याशी बोलणं तेच: म्हावरा खाऊन जा. पण शेजारणीकडून कोयता परत आला, हे मी बघितलं.

अशात संस्थेला पैसे देणारे पाहुणे आले. दोघं, दिल्लीहून. मॅडमना त्यांना जुळणी दाखवायची होती: कोळी माणसाशी बोलणारी कोळी समुपदेशक. चेहरा दाखवायला, फोटोला तयार असलेली एकही कोळीण त्यांना मिळत नव्हती, कारण माझ्याकडे एकही कोळीण येतच नव्हती. आई तेवढी आपल्या वारी बाहेर बाकावर बसली होती. मॅडमनी तिला विचारलं, फोटो काढला तर चालेल का? आई म्हणाली, "काढा. फुकट हाय ना?" मग मला तिच्याशेजारी बसवलं. पाहुण्यांनी आम्हाला बघितलं. तेच नाक, तीच हनुवटी, आणि दोघींच्या तोंडावर तोच वैताग. पाहुणीला भरून आलं. म्हणाली, बघा किती सहज आहेत एकमेकींबरोबर, जणू एकाच घरातल्या.

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम छताकडे बघत होत्या.

मग पाहुणीने आईला विचारलं, मॅडमनी त्याचं मराठी केलं: "ही तुमच्याच समाजातली आहे, म्हणून तुमचं मन हिला जास्त चांगलं कळतं, असं वाटतं का?"

"हिला?" आई म्हणाली. "हिला काय कळतंय! ही बसली का हिचाच बोलतं. कळतंय ते तिला." आणि तिने दारात उभ्या असलेल्या नया नगरवालीकडे बोट दाखवलं.

"काय म्हणतात त्या?" पाहुणीने विचारलं.

मॅडमनी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, दोघीही खूप समजूतदार आहेत."

पाहुणे गेले आणि मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. या बाई नेमक्या कोणाच्या यादीत आहेत, आणि कधीपासून, आणि कोणाला विचारून? नया नगरवाली म्हणाली, "माझ्या. आणि राहतील." मॅडम म्हणाल्या, अगं पण मग आपल्या सगळ्या योजनेला अर्थ काय राहिला? जो ज्याचा तोच त्याला कळतो, असं आपण लिहून दिलंय.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही आम्हाला गोळा केलंत ते फार बरं केलंत. पण म्हावरं मांडलंत एका ओळीत, तर कोणी काय उचलायचं ते गिऱ्हाइकाला ठरवू द्या. काहींना आपलीच भाषा पाहिजे असते, आपलंच माणूस पाहिजे असतं. पेणकरपाड्यातल्या त्या मुलाकडे बघा, त्याच्याकडे गाववाले रांग लावून येतात, कारण त्यांचं इथे त्याच्याशिवाय कोणी नाही. आणि काहींना अशी जागा पाहिजे असते जिथे आपलं कोणी नाही. ते बाहेर टेबलावर बसून आडनाव विचारून कसं कळणार?"

 मॅडम म्हणाल्या, "मग टेबलावर विचारायचं तरी काय?"

"कोणाशी बोलायला आवडेल, एवढं विचारा."

त्या मला काढून टाकतील असं वाटलं होतं. नाही काढलं. दुसरी कोळीण कुठे मिळणार होती त्यांना? पुढल्या आठवड्यापासून टेबलावरचा प्रश्न बदलला. अर्धे लोक म्हणतात, आपल्यातलं कोणी आहे का? उरलेले अर्धे आवाज खाली आणून म्हणतात, मला ओळखत नाही असं कोणी आहे का? दोघांची सोय होते. पत्रकावर मात्र जुनाच फोटो आहे, ओढणीसकट.

दिवाळीच्या आधी आईने जावेकडून जागा परत घेतली. भांडून घेतली, म्हणजे बरी झाली. एका संध्याकाळी केंद्रातून सुटल्यावर मी नया नगरला त्या गल्लीच्या तोंडाशी गेले. आई बसली होती. पाटीत बोंबील, थोडे पापलेट, बर्फ. भुवईवरचा व्रण दिव्याखाली चमकत होता. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी मागच्या बाजूने तिच्या शेजारी जाऊन बसले नाही, नेहमीसारखी. समोर उभी राहिले, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे.

"पापलेट कसे दिले?"

आईने वर बघितलं. मला वाटलं, आता हसेल आणि हाताला येईल ते पिशवीत घालेल. ती हसली नाही.  तिने भाव सांगितला. पुरा, एक पैसा कमी नाही. मी दोन पापलेट उचलले. तिने त्यातला एक माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्यो कालचा हाय," ती म्हणाली. "नको घेऊ."

आयुष्यात पहिल्यांदा.  तिने दुसरा ताजा निवडला, कोयता पायाखाली धरला आणि कापायला लागली. मान खाली घालून, हात चालूच ठेवून म्हणाली, "कोयता कवा उडत न्हाय, पोरी. चाळीस वरसं कापतंय, कवा उडाला न्हाय."

मी तिच्या भुवईकडे बघितलं.

"तुझा बापूस गेला ना, त्या राती मना झोप लागली. गाढ. दाराकडं कान न्हाय, काय न्हाय." तिने कल्ले काढून बाजूला टाकले. "सगली रडत व्हती, तू रडत व्हती, आन मी झोपली. तीच झोप मना खात व्हती."

हे ऐकून माझ्यातली मुलगी ओरडत होती की नाही, माझे बाबा असे नव्हते. खांद्यावरून शाळेत नेणारे बाबा. मी पाटीच्या समोरच्या बाजूला उभी होते म्हणून तोंड बंद ठेवू शकले. शेजारी बसले असते तर बोलले असते, आणि आई पुन्हा हसून गप्प झाली असती.

"तुकडे मोठे करू का बारीक?" तिने विचारलं.

"मोठे," मी म्हटलं.

तिने पिशवीत घातले, वर बर्फाचा खडा टाकला. मी पैसे पुढे केले. तिने घेतले, कमरेच्या पिशवीत खोचले. मागे एक बाई येऊन उभी होती, तिने विचारलं, मावशी, बोंबील कैसा दिया? आई तिच्याकडे वळली आणि मी तिला जागा करून दिली.